घोंगडीखालची काहील

माझ्याकडे पाहून बहुतेकांना आधी फुलझाडाची कुंडी आठवते. त्यांचा दोष नाही. मधली बरीच वर्षे मी एका ओसरीवर, पोटात माती आणि मातीत लाल जिरेनियम, अशीच काढली आहेत. पण मित्रांनो, मी कुंडी नाही. मी तांब्याची काहील आहे. अंगाने मोठी, वयाने त्याहून मोठी. माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावचा, आणि तेव्हा त्या मुलखावर इंग्लंडच्या राजाचे राज्य होते.

मला घडवले योस्ट हाउक नावाच्या तांबटाने. माणूस रागीट होता. शेजारच्या लोहाराशी त्याचे रोज वाजायचे, गिऱ्हाइकाशी दिवसाआड. पण हातोडी हातात आली की त्याचा राग कुठल्या कुठे जायचा. पत्र्यांच्या कडांना दाते पाडून त्याने ते एकमेकांत अडकवले, सांधा झाळला, आणि मग आतून बाहेरून इतके ठोके दिले की माझे अंग घट्ट होत गेले. ते ठोके अजून माझ्या पोटात आहेत. ऊन तिरपे आले की दिसतात, हात फिरवला तर केव्हाही लागतात.

मला न्यायला उलरिख झेन्सेनबाख नावाचा शेतकरी आला. त्याने आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "मेस्त्री, कल्हई राहिली की!"

"राहिली नाही, केली नाही," योस्ट गुरकावला. "लाटवारिक करणार ना हिच्यात? दिवसभर ढवळणार. कल्हई केली तर पहिल्याच वर्षी खरवडून तुझ्या पोटात जाईल. बायकोला सांग, आधी घासून लख्ख करायची, मग चढवायची, आणि झालं की ताबडतोब रिकामी करायची. तसंच ठेवलंस तर कळकेल, आणि मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

लाटवारिक म्हणजे सफरचंदाचा गर सफरचंदाच्याच रसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत आटवत नेऊन केलेला काळाभोर गोड पदार्थ. जर्मनीतून येऊन वसलेल्या आमच्या शेतकऱ्यांच्या तळघरात त्याचे माठ भरलेले नसतील तर हिवाळा कसा काढायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यासाठीच माझा जन्म होता.

उलरिखच्या बायकोचे नाव अपोलोनिया. तिच्या कामांना दिवस कधी पुरा पडत नसे. जवसाची खोडे कुजवून, झोडपून धागा काढायचा, चरख्यावर सूत कातायचे, शनिवारी अंगणातल्या भट्टीत आठवड्याच्या भाकऱ्या भाजायच्या, थंडी पडली की डुकरे कापून मांस धुरावर सुकवायचे, वसंतात राखेच्या पाण्याचा साबण करायचा. साबणाला तिने मला कधी हात लावू दिला नाही. त्याला वेगळे लोखंडी भांडे होते, ठेंगणे आणि फार बडबडे. त्याच्याविषयी मी अधिक बोलणार नाही.

माझा दिवस ऑक्टोबरात यायचा. शेजारपाजारच्या बायका जमून आदल्या दिवशी सफरचंदे सोलून ठेवत. सकाळी मला तीन पायांच्या तिकाटण्यावर टांगले की खाली ओकाची लाकडे पेटत. ढवळायच्या फळीला भोके पाडलेली असत आणि तिचा दांडा इतका लांब, की ढवळणारा धुरापासून चार पावले दूर उभा राही. वासासाठी ससाफ्रास नावाच्या सुवासिक झाडाचे मूळ टाकत. एका दांड्याला एक तरुण आणि एक तरुणी अशी जोडी लावायची पद्धत होती. फळी माझ्या काठाला लागून वाजली, की दोघांनी एकमेकांच्या गालाचा मुका घ्यायचा असा दंड. मित्रांनो, मला खरे सांगू द्या, मी पुष्कळदा विनाकारण वाजले आहे. सरळ ढवळणारी मुले संध्याकाळी मात्र अशी ढवळू लागत की जणू त्यांना दिसायचेच बंद झाले आहे.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो त्याआधीचा दिवस. अपोलोनिया मला अंगणात घेऊन बसायची. सफरचंदाचे व्हिनेगर, मूठभर मीठ आणि जुन्या कापडाचा बोळा. "चल गं जाडे, ऊठ. वर्षभर झोपा काढल्यास," असे म्हणत ती घासू लागे. तिचा हात गोल गोल फिरत जाई, माझ्या तळापासून काठापर्यंत, आणि ज्या वाटेने तो जाई तिथून मी गुलाबी होत येई. नंतर पुष्कळ हातांनी मला घासले. तसे कुणी घासले नाही.

पुढे लढाई आली. राजा नको म्हणून इथल्या लोकांनी बंदुका उचलल्या. उलरिखला त्याच्या घोडागाडीसकट सैन्याचे पीठ वाहायला नेले. त्या हिवाळ्यात जखमी शिपाई आमच्या धान्याच्या कोठारात आणून निजवले, आणि अपोलोनियाने मला थंडीत बाहेर काढले. माझ्यात तिने रक्ताने कडक झालेल्या पट्ट्या उकळल्या. दिवसेंदिवस उकळल्या. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांची नावे असतात, सेनापतींच्या घोड्यांचीसुद्धा असतात. पट्ट्या कुणी उकळल्या ते नसते. उलरिख परत आला, लंगडत का होईना, पण आला. मग ऑक्टोबरही आला आणि ती मला घासायला बसली. त्या वर्षी तिचा हात थांबेना. मी केव्हाच लख्ख झाले होते, तरी ती घासत होती आणि विचारत होती, "निघालं का गं सगळं?" सगळे निघाले होते. मला सांगता आले नाही, एवढेच.

अपोलोनिया गेली. तिची सून आली, नातसून आली. घराला आधी कौले, मग पत्रे, मग विजेच्या तारा आल्या. लाटवारिक दुकानात बरणीतून मिळू लागले आणि एका ऑक्टोबरात कुणी मला खाली उतरवलेच नाही. मला वाटले विसरले असतील. पुढच्या वर्षीही वाटले. तसे वाटून घेण्यात मी बरीच वर्षे काढली. अर्लीन या घरची मुलगी. तिची आई ही मला चुलीवर चढवणारी शेवटची बाई. आईच्या मागे अर्लीनने मला माळ्यावरून काढले तेव्हा मला फार आनंद झाला. नंतर तिने माझ्यात माती भरली.

अर्लीन लायनिंगरविषयी तुम्हाला सांगायलाच हवे. जन्मभर तिने शाळेची बस चालवली. आवाज असा, की मागच्या बाकावरचा मुलगा आरशात न बघताही सरळ बसावा. नवरा वारल्यावर घर तिला खायला उठले आणि ती एका मंडळात जाऊ लागली. ही मंडळी वर्षातून काही दिवस अठराव्या शतकात राहायला जातात. एका जुन्या पाणचक्कीजवळच्या कुरणात तंबू ठोकतात, हाताने शिवलेले कपडे घालतात, चकमकीने विस्तव पाडतात आणि सन १७७७ चालू आहे असे मानतात. बघायला गावोगावचे लोक येतात. "ही आग खरी आहे का?" असे विचारणारा एक तरी निघतोच.

अर्लीन त्या मंडळाची तपासनीस झाली. तंबूतंबूत जाऊन ती टाके बघायची. कुणाची टोपी यंत्रावर शिवलेली, कुणाच्या मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा, काही सुटत नसे. ज्याशिवाय चालत नाही आणि जे १७७७ सालचे नाही, ते सारे घोंगडीखाली लपवायचे असा तिचा दंडक होता. आणि तिचा सर्वांत आवडता नियम तर तिने फोनवर इतक्यांना ऐकवला, की ओसरीवर बसून मला तो पाठ झाला. "जुन्या वस्तू छावणीत आणायच्या नाहीत! त्या काळी त्या नव्या होत्या, तर नव्याच दिसल्या पाहिजेत. पणजोबांच्या माळ्यावरची भांडी मांडून ठेवलीत तर ते अठरावं शतक नाही, भंगाराचं दुकान!" हे ती माझ्या काठावर कोपर टेकून सांगायची.

गेल्या वर्षी तिचे कंबरेचे हाड मोडले. ते जुळले, पण घराचे जिने तिला झेपेनात. घर विकायचे ठरले. थंडीआधी ती वृद्धांच्या वसाहतीत एका खोलीत जाणार होती, जिथे मेणबत्तीसुद्धा पेटवायला बंदी आहे. सामान वाटून झाले आणि मी उरले. एका संग्रहालयाचे गृहस्थ मला बघायला आले. गुडघे टेकून त्यांनी माझा सांधा पाहिला, रंग पाहिला. "आम्ही आनंदाने घेऊ," ते म्हणाले. "फक्त एक करा. काहीही करू नका. हा काळपट रंग चढायला कित्येक वर्षं लागलीत. घासलीत, तर आमच्या कामाची राहणार नाही." ऑक्टोबरातली छावणी आटोपली की न्यायचे ठरले. काचेचे कपाट, मंद दिवा, दमट हवा नाही. मला कुणी काही विचारले नाही, पण विचारले असते तरी मी कृतज्ञच असते. कुंडीपेक्षा ते केव्हाही बरे.

ते गेल्यावर अर्लीनने माझ्यातली माती उपसली. शेवटची माती पुसताना तिचा तळवा योस्टच्या ठोक्यांवरून गेला आणि तिथेच थांबला. ती ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "एकदा. मी जायच्या आत, एकदा."

माझ्या मनात जे पेटले ते मी तुम्हाला कसे सांगू? मित्रांनो, इतकी वर्षे मी इच्छा करायचेही सोडून दिले होते.

छावणीचा आता मुख्य ड्वाइट फेन्स्टरमाखर. एरवी तो नळजोडणीची कामे करतो, छावणीत तांबट असतो. अर्लीननेच त्याला तयार केलेला. छावणीच्या शनिवारी सकाळी त्याने मला तिच्या गाडीतून उतरवले, उन्हात धरले आणि त्याचा चेहरा पडला.

"अर्लीन, ही नाही चालायची."

"का नाही?"

"तुम्हीच तर..."

"मी काय सांगितलं ते मला सांगू नकोस! ही खरी आहे, ड्वाइट. या सबंध कुरणात खरी अशी ही एकटीच आहे."

"म्हणूनच तर," तो अगदी हळू म्हणाला. "किती जुनी दिसते बघा. हिला चुलीवर ठेवली, तर उद्या मी बाकीच्यांना कुठल्या तोंडाने काही सांगू?"

तो उद्धटपणे बोलत नव्हता. तिचीच शिकवण तिच्यासमोर जपून धरत होता. चुलीवर त्याने मागच्या महिन्यात घडवलेली नवी काहील चढली. चांगली होती, मला तिचा मत्सर नाही, थोडा आहे. मला तंबूच्या कोपऱ्यात ठेवून वर घोंगडी टाकली. माझ्या एका बाजूला प्लॅस्टिकची शीतपेटी होती, दुसऱ्या बाजूला बटाट्याच्या वेफर्सची पिशवी. १७७७ सालाला शोभत नाही म्हणून आम्हा तिघांना झाकले होते. मी ते साल पाहिले आहे, असे त्या पिशवीला सांगावेसे वाटले.

दिवसभर मी तिथे होते. ओकाचा धूर घोंगडीतून आत आला. सफरचंदे फुटल्याचा वास आला. फळीचा आवाज येत होता, तळाला एकदा, कडेने दोनदा. लोक हसत होते. मला अपोलोनिया हवी होती. तिच्या मागची दोन शतके नको होती, काचेचे कपाट नको होते, तिचा तो मीठ लागलेला हात हवा होता. तांब्याला रडता येत नाही. आलेच असते तर त्या दिवशी आले असते.

रविवारी सकाळी घोंगडी दूर झाली. समोर अर्लीन काठीवर रेलून उभी, मागे ड्वाइट.

"तळ बघ हिचा," ती म्हणाली.

त्याने मला पालथी केली आणि अंगठा दाबत दाबत सगळा तळ पाहिला. मग मला सरळ केली.

"पातळ झालाय. घासून घासून. भोक नाही, पण अजून दोन-चार आगी सोसेल, फार तर. मग तळ गेलाच. आणि घासल्याशिवाय हिच्यात काही शिजवणं म्हणजे विषबाधा. घासलीत तर संग्रहालयवाले हात लावणार नाहीत. अर्लीन, काचेत गेली तर आपल्या पतवंडांच्या पतवंडांपर्यंत राहील ही."

"काचेत राहून काय करेल?"

"राहील ना."

"मी पण त्या खोलीत जाऊन राहणारच आहे," अर्लीन म्हणाली.

ड्वाइटने मान खाली घातली. बाहेर कुणीतरी ढोल वाजवून लोकांना कवायतीला बोलावत होते. अर्लीनने काठी बाजूला ठेवली आणि एका ठेंगण्या स्टुलावर बसली. ते करायला तिला वेळ लागला आणि त्याने मदतीला पुढे केलेला हात तिने झटकला.

"जुनी दिसलेली चालत नाही ना? मग नवी करते. नियम माझा आहे, मीच पाळते. व्हिनेगर आण."

तो जागचा हलला नाही. मला वाटले, आता नाही म्हणेल. म्हणाला, "मीठही लागेल. शेजारच्या तंबूतून घेऊन येतो."

मग तिने सुरुवात केली. पहिला बोळा फिरला तेव्हा मला दुखले. तो काळपट रंग माझेच आयुष्य होते. माळ्यावरचे, ओसरीवरचे, मातीचेसुद्धा. ते खारट पाण्याबरोबर तपकिरी होऊन गवतात वाहून गेले. ऊन वर चढायच्या आत माझा तळ गुलाबी झाला. अर्लीनला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तर आई दिसते."

तिचे हात अपोलोनियाचे नव्हते. बोटे वाकडी झालेली, जोर कमी, मधेच थांबणारे हात. मला अपोलोनियाचेच हवे होते आणि अजून हवे आहेत. ही ओढ कशानेच मिटत नाही. पण मला तिकाटण्यावर टांगले आणि खालून पहिली धग लागली, तेव्हा ती ओढ सोसवेल अशी झाली. रस ओतला. तो आधी कुरकुरला, मग गुणगुणू लागला. मी सगळे विसरले असेन अशी मला भीती होती. मला सगळे आठवत होते.

दांडा अर्लीनने हातात घेतला, थकल्यावर ड्वाइटने, त्याच्यानंतर ज्याला वाटले त्याने. एक बाई पुढे आली आणि विचारू लागली, "ही नवी केली का हो? फार सुंदर आहे." ड्वाइटने अर्लीनकडे पाहिले. "हो," अर्लीन म्हणाली, "आजच."

सूर्य मावळायच्या आत लाटवारिक दाट झाले, फळीवरून सोडले तर पडेना. ताबडतोब माठांत भरले. आणि मग, मित्रांनो, ते झाले जे काचेच्या कपाटात कधीच झाले नसते. अर्लीनने भाकरीचा एक जाड तुकडा तोडला, माझ्या आत हात घातला आणि कडेला लागलेले पुसून घेतले. खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. मग सगळेच आले. पांढऱ्या टोप्या, तीनटोकी टोप्या, बघायला आलेली शहरी माणसे, सगळ्यांचे हात एकदम माझ्या पोटात. "माझ्यासाठी ठेवा थोडं!" "अहो, त्या बाजूला आहे अजून." "ड्वाइट, तू तर चाटायलाच लागलास!" मी वाजत होते, आणि या वेळी विनाकारण नव्हते.

संग्रहालयाच्या गृहस्थांनी फोनवर फार सभ्यपणे नकार दिला. अर्लीन तिच्या खोलीत राहायला गेली. मी ड्वाइटच्या छपरात तुळईला पालथी टांगलेली असते. तिथे गरम पाण्याच्या नळांचे तुकडे माझे शेजारी आहेत. तेही तांब्याचेच, तरुण आहेत, त्यांना काही सांगायला गेले तर ऐकत नाहीत. रंग पुन्हा चढू लागला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी असेल. माळ्यावर असेल, काचेत असेल, नाही तर पोटात माती घेऊन ओसरीवर बसले असेल. त्याला पुसा, जपा, पण कधीतरी खाली उतरवून कामालाही लावा. ते झिजेल. झिजू द्या. मी झिजते आहे, आणि कुणी मला विचारले तर मी काचेकडे परत जाणार नाही.

माझ्या आता थोड्याच आगी उरल्या आहेत. येत्या ऑक्टोबरात चक्कीजवळच्या कुरणात आहे त्यांतली एक. ड्वाइट अर्लीनला गाडीतून घेऊन येणार आहे. तुम्हीही या. सूर्य मावळायच्या आत या, आणि येताना हातात भाकरीचा तुकडा तेवढा असू द्या.